आठ वार आणि एक कच्चा दोरा

संपादक मंडळींचा फोन आला. "काकू, तुमच्या त्या स्कॉटिश कस्टमर्सवर एक हलकंफुलकं आर्टिकल द्या ना. दिवाळी आहे, लोकांना वाचून मजा आली पाहिजे." मी हो म्हटलं. चहाचा कप घेऊन लिहायला बसलेही. पण पहिल्या पानातच डोकं जे तापलं, ते अजून निवलेलं नाही. तेव्हा मजा जेवढी निघेल तेवढी घ्या आणि बाकीचं तसंच गिळा.

आधी एक गोष्ट नीट ऐका. त्याला घागरा म्हणायचं नाही, स्कर्ट म्हणायचं नाही. त्याला किल्ट म्हणतात. स्कॉटलंडचे पुरुष सणासमारंभाला नेसतात ते लोकरी, चौकडीचं वस्त्र. मी इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलजवळच्या एका दुकानात वीसेक वर्षं किल्ट शिवले. आपल्या महाराष्ट्र मंडळात यावर जे विनोद झाले ते सगळे मला पाठ आहेत. "विजयाकाकू गोऱ्यांचे घागरे शिवतात" हा त्यातला सगळ्यात जुना. हसा बापडे. तुमच्या कॉम्प्युटरच्या कोडला जेवढं डोकं लागतं तेवढंच माझ्या निऱ्यांना लागतं, आणि माझं काम दर सहा महिन्यांनी फेकून देऊन नवीन करावं लागत नाही.

काम असं असतं. आठ वार कापड घ्यायचं. त्यावर उभ्या-आडव्या रेघांची जी चौकडी असते तिला टार्टन म्हणतात. पुढचा भाग सपाट ठेवायचा आणि मागे सगळ्या कापडाच्या निऱ्या घालायच्या. खरी गंमत इथे आहे. प्रत्येक निरीत कापड दुमडून आत जातं, तरी पाठीमागून पाहिलं तर चौकडी कुठेही मोडलेली दिसता कामा नये. जणू निरी घातलेलीच नाही. माणूस उभा असला की सलग चौकडी, आणि चालायला लागला की सगळ्या निऱ्या एका लयीत उघडतात, मिटतात. एक निरी गव्हाभर सरकली तरी पुढच्या सगळ्या बिघडतात. मग रडायचं आणि उसवायचं. हे सगळं हातानं करायचं. मशीनवर शिवलेले किल्टही मिळतात, पण त्यांच्याबद्दल मी दिवाळीच्या अंकात काही बोलत नाही.

दुकान मॉयराचं. मॉयरा म्हणजे डंडी गावची स्कॉटिश बाई, माझ्याहून वीस वर्षांनी मोठी, नवऱ्याच्या नोकरीमागे अमेरिकेत आलेली आणि नवरा गेल्यावर इथेच राहिलेली. माझं ग्रीन कार्ड आलं तेव्हा तिच्या खिडकीत पाटी होती, शिवणकाम येणारी बाई पाहिजे. मी आत गेले. तिनं एक कापडाचा तुकडा पुढे टाकला आणि काहीतरी म्हणाली. तिच्या इंग्रजीतला एक शब्द मला कळला असेल तर शपथ. मी आपली जमिनीवर मांडी घातली, कापडाचं टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबलं आणि आईला नऊवारी नेसवताना धरायचे तशा निऱ्या भराभर बोटांत धरल्या. मॉयरा बघतच राहिली. मी म्हटलं, "आमच्याकडे नऊ वार असतं. तुमचं आठच. एक वार कुठे गेलं?" ती जी हसली, ती दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली माझ्या हातात देऊनच थांबली.

आमचं जमायचं कारण साधं होतं. मी इचलकरंजीची. वडील आणि दोन्ही काका मागावर. तिची आई तागाच्या गिरणीत. दोघी खटखटाटात वाढलेल्या, त्यामुळे दोघी मोठ्यानं बोलणाऱ्या. गिऱ्हाइकांना वाटायचं आमचं भांडण चाललंय, आणि निम्म्या वेळा ते खरंही असायचं.

तिनं मला दोन गोष्टी पहिल्याच महिन्यात शिकवल्या. पहिली, तिला इंग्लिश म्हणायचं नाही. आपण सरसकट सगळ्यांना इंग्रज म्हणून मोकळे होतो. ब्रिटन म्हणजे एकत्र कुटुंब आहे. इंग्लंड हा थोरला, सगळ्या घराला आपलंच नाव लावणारा. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड हे धाकटे. राजा एक, सरकार एक, पण धाकट्यांनी भांडून आपापल्या चुली थोड्याथोड्या वेगळ्या करून घेतल्यात. ज्यांच्या घरात जावाजावा आहेत त्यांना हे समजावून सांगायला नको.

दुसरी गोष्ट कच्च्या दोऱ्याची. निऱ्या जागच्या जागी राहाव्यात म्हणून शिवताना त्यांना पांढऱ्या दोऱ्यानं कच्चे टाके घालतात. इस्त्री झाली की ते उसवून टाकायचे. पण मॉयराच्या घराण्याची एक रीत होती. खालच्या काठाजवळचा शेवटचा दोरा ती ठेवायची. तो ज्याचा किल्ट त्यानंच ओढायचा, तोही आपल्या माणसांबरोबर पहिल्यांदा चालायला निघेल तेव्हा, चालता चालता. तोवर निऱ्या मिटलेल्या. मी विचारलं, असं का? ती म्हणाली, "शिवणारीचं काम दुकानात संपतं. किल्टचं काम रस्त्यावर सुरू होतं."

आता गिऱ्हाइकं. नॉर्थ कॅरोलायनात जुन्या काळी स्कॉटलंडची पुष्कळ माणसं येऊन राहिली. त्यांच्या नातवंडा-पणतवंडांना आता स्कॉटिश असण्याचा भारी उमाळा. थुंकी बाटलीत घालून डीएनए तपासायला पाठवायची आणि उत्तर आलं की दुसऱ्या दिवशी दुकानात हजर. "मॅम, आय फाउंड आउट हू आय ॲम!" अरे बाबा, काल रात्रीपर्यंत कोण होतास मग? एकाला तिन्ही आज्यांची तीन टार्टनं एकाच किल्टमध्ये पाहिजे होती. तीन आज्या कशा, हे मी विचारलं नाही. एक दातांचे डॉक्टर माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "खरे किल्ट शिवणाऱ्यांशी बोलता येईल का?" मी आत गेले, टेप गळ्यात अडकवली आणि त्याच दारानं बाहेर येऊन म्हटलं, "बोला."

हे सगळे आपापल्या कुळाचं टार्टन मागतात. स्कॉटलंडमध्ये आडनावांची कुळं आहेत आणि प्रत्येक कुळाची म्हणून एक चौकडी. हजार वर्षांची परंपरा, असं हे डोळे ओले करून सांगतात. मॉयरा पाठ वळवून तोंडात रुमाल कोंबायची. राजाविरुद्ध बंड झालं म्हणून एके काळी डोंगराळ भागातल्या लोकांना हा पोशाख घालायलाच सरकारनं बंदी केली होती. फक्त सरकारच्या पलटणीत भरती व्हाल तर घाला. पुढे बंदी उठली, राजा एकदा एडिंबरात आला, सगळ्यांना नटायचं होतं, आणि गिरणीवाल्यांनी भराभर चौकड्या काढून नावं चिकटवली. म्हणजे बरीचशी कुळांची टार्टनं आपल्या पैठणीपुढे कालची पोरं. त्यात वाईट काय आहे? काही नाही. माणसं नेसली, नेसून लग्नं केली, नेसून मेली, म्हणजे ती त्यांचीच झाली. पण मग दुसऱ्याला हुसकताना हजार वर्षांचा आव आणू नका.

मॉयराचं आणखी एक सांगते, मग मूळ मुद्द्यावर येते. काही वर्षांपूर्वी स्कॉटलंडनं ब्रिटनपासून वेगळं व्हायचं का यावर मतदान झालं. मॉयराला मत नव्हतं. डंडीत जन्मली, पण राहते अमेरिकेत, म्हणून नाही. आणि माझ्या बहिणीचा ओंकार, सांगलीचा पोरगा, ग्लासगोत शिकायला गेलेला, त्याला मत होतं! तिथे राहतो आणि कॉमनवेल्थचा नागरिक, एवढं पुरे. मला वाटलं ही बाई आता कात्री फेकून मारणार. दिवसभर ती नुसती टाके घालत राहिली. दुकान बंद करताना म्हणाली, "बरोबरच आहे. उद्या सकाळी ज्याला तिथे उठायचंय, त्यानं ठरवावं." आणि ओंकारला निरोप पाठवला, मत दे, घरी बसू नकोस. यांच्या सरकारनं आपलं काय काय केलं ते मी विसरलेले नाही, पण ही गोष्ट मला आवडली. तुम्ही कोण ते रक्तावरून नाही, कुठे राहता त्यावरून. मी भाबडी, मला वाटलं आता जग असंच चालणार.

आता रॉनीकाका.

एका सकाळी मी फोनवर आमच्या लेकाला मराठीत झापत होते. फोन ठेवला तर समोर एक उंच, सावळे, चांदीसारख्या केसांचे गृहस्थ. टाय लावलेला. म्हणाले, "काय बाई, कोणाला एवढं फैलावर घेतलंय? बिचाऱ्याला श्वास तरी घेऊ द्यायचा." मी उडालेच. मराठी शुद्ध भुसावळची, पुढे-मागे हिंदीचा हात फिरलेली. नाव रॉनी. आडनाव अस्सल स्कॉटिश. ते मी लिहीत नाही, कारण त्या नावाची हजारो माणसं अमेरिकेत आहेत आणि त्यातली बहुतेक चांगली आहेत.

रॉनीकाका अँग्लो-इंडियन. आजोबा स्कॉटलंडमधून आगगाडीचे ड्रायव्हर म्हणून भुसावळला आले, तिथेच वरणगावकडच्या एका बाईबरोबर संसार केला आणि तिथल्याच मातीत गेले. चर्चमध्ये लग्न काही झालं नाही. वडील रेल्वेत, रॉनीकाका रेल्वेत. तरुणपणी त्यांनी बिलायतेला जायचा प्रयत्न केला. बाप-आजा तिथे जन्मलेला असेल त्याला आत, बाकीच्यांना बाहेर, असा कायदा होता. आजोबा तिथलेच, पण लग्नच नाही म्हणून नातंही नाही. सरकारनं दार लावलं. भुसावळच्या बाजारात पोरं यांना "आधा गोरा" म्हणायची आणि गोऱ्यांनी यांना कधी अर्धंही धरलं नाही. बायको गेल्यावर लेकीनं, रीटानं, त्यांना इथे मॉरिसव्हिलला आणलं.

"मला माझ्या नावाचा किल्ट पाहिजे," ते म्हणाले. "आजोबा माझ्या बापाला सांगायचे, आपल्या कुळाचा झेंडा निघतो आणि त्यामागे सगळे चालतात. एकदा तू चाल. बापाचं राहिलं. माझे गुडघे आता जवाब देऊन राहिलेत, ऑपरेशन सांगितलंय. त्याच्या आधी एकदा चालतो. उगीच नंतर काय होईल, न होईल."

बस, एवढीच इच्छा होती त्या माणसाची. एका झेंड्यामागे मैदानाला एक फेरी.

मी त्यांचा किल्ट शिवला. माझी बोटं आता आखडतात, तो बहुधा माझा शेवटचा सबंध किल्ट. रॉनीकाका रोज येऊन खुर्चीत बसायचे. एकदा मी चिडवलं, "आमच्या इंग्रजांशी झालेल्या असईच्या लढाईत तुमच्या आजोबांच्या मुलखातल्या पलटणी हे असलेच किल्ट नेसून आमच्यावर चालून आल्या होत्या, माहीत आहे का? आणि मी बसलेय निऱ्या घालत!" ते शांतपणे म्हणाले, "आणि समोर माझ्या आजीच्या मुलखातले उभे असतील. मी कोणाकडून भांडू, बाई? मी आपला मधल्यामध्ये गुडघ्यांच्या दुखण्यावर उपाय शोधतोय." मी उठून चहा केला.

मे महिन्यात स्कॉटिश खेळांचा मेळा असतो. लांब मैदान, ओंडके फेकणारे पैलवान, बॅगपाइप, आणि कडेनं प्रत्येक कुळाचा तंबू. तंबूत जायचं, नाव सांगायचं, बिल्ला घ्यायचा आणि दुपारी संचलनात कुळाच्या झेंड्यामागे चालायचं. मी आणि मॉयरा दरवर्षी एका बाजूला सुई-दोरा घेऊन बसतो. पट्टे तुटतात, बकल निघतात, आणि वर्षभरात वाढलेली पोटं ऐन वेळी लक्षात येतात.

रॉनीकाका किल्ट नेसून आले. पांढरे मोजे, चकाकणारे बूट, मागे तो शेवटचा कच्चा दोरा तसाच. दिसत होते असे, की मॉयरा खुर्चीतून उठली. मॉयरा कोणासाठी उठत नाही. त्यांना हौसेनं तंबूपर्यंत पोचवायला मी गेले.

त्या कुळाच्या तंबूचा प्रमुख ब्रॅड. घरांची छपरं घालायचा त्याचा धंदा, स्कॉटलंडला आयुष्यात गेलेला नाही, आणि त्याच्या अंगावरचा किल्ट माझ्या हातचा. आमच्या पुढे एक जोडपं होतं. त्या नवऱ्यानं सांगितलं, बायकोच्या सावत्र वडिलांचं हे आडनाव आहे. ब्रॅडनं त्याला मिठी मारली. "वेलकम होम!" बिल्ला दिला. मग आमची पाळी. रॉनीकाकांनी नाव सांगितलं. ब्रॅडचं हसू जागेवरच थबकलं. कनेक्शन काय, म्हणाला.

"नाव," रॉनीकाका म्हणाले. "माझ्या आजोबांचं."

"म्हणजे, सर, तुमच्या फॅमिलीनं हे नाव घेतलं का? मालकाचं वगैरे?"

इथे गुलामांना मालकाचं आडनाव लागायचं, त्याचा रोख तिकडे होता; माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रॉनीकाकांनी आपल्या त्या हळू, रेल्वेच्या साहेबी इंग्रजीत सगळं सांगितलं. ब्रॅडनं मान डोलावली, माझं पर्सनल काही नाही म्हणाला, मग पेटीतून एक पांढरी फीत काढली. त्यावर छापलेलं होतं, गेस्ट. झेंडा, मग कुळाची माणसं, मग सगळ्यांच्या मागून गेस्ट.

"हा किल्ट तुला कोणी शिवला?" मी ब्रॅडला विचारलं.

"तुम्ही, मॅम."

"मग यांचाही मीच शिवलाय. तेच कापड, तीच निरी. यांच्या आधी ज्याला मिठी मारलीस, त्याच्या बायकोच्या सावत्र बापाला तू काय विचारलंस?"

"मॅम, इट्स ट्रॅडिशन."

कप्पाळ तुझं ट्रॅडिशन! हे मी मराठीत म्हटलं, पण त्याला कळलं असावं, कारण तो एक पाऊल मागे सरला. शेजारच्या तंबूतल्या एका बाई ऐकत होत्या. त्या धावत आल्या, म्हणाल्या, आमच्याबरोबर चला, आम्ही कोणालाच काही विचारत नाही. देव त्यांचं भलं करो. रॉनीकाकांनी त्यांचे हात हातात घेतले, पण नको म्हणाले. "मला माझ्या नावामागे चालायचं होतं हो." मग त्यांनी ती पांढरी फीत नीट घडी करून ब्रॅडच्या टेबलावर ठेवली, थँक्यू म्हणाले आणि वळले. एक शब्द वाकडा नाही. मला त्यांचाही राग आला. चांगली माणसं एवढी सभ्य असतात म्हणून ब्रॅडसारख्यांचं फावतं.

आमच्या तंबूत येऊन बसले. मी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी पुढे केली. मॉयरा लाल झाली होती. "त्या सगळ्या मैदानात स्कॉटलंडमध्ये जन्मलेली मी एकटी आहे," ती म्हणाली. "मी सांगते, ओढ तो दोरा. इथेच, माझ्यासमोर."

"चालताना ओढायचा असतो ना?" रॉनीकाका म्हणाले. "मग बसून कसा ओढू?"

संचलन निघालं. आमच्या समोरूनच गेलं. पाठमोऱ्या रांगा, आणि त्यात कितीतरी किल्ट माझ्या हातचे, सगळ्या निऱ्या एका लयीत उघडतायत, मिटतायत. दरवर्षी ते बघताना माझा ऊर भरून यायचा. त्या दिवशी जाऊन एकेकाच्या निऱ्या उसवाव्यात असं वाटलं. ज्याच्यासाठी आखडलेल्या बोटांनी शेवटचं काम केलं, तो माझ्या शेजारी घडीच्या खुर्चीवर धपाटा खात बसला होता.

इथपर्यंत वाचून तुम्हालाही राग आला असेल. आलाच पाहिजे. मी ही गोष्ट मंडळाच्या पिकनिकला सांगितली तेव्हा सगळे किती चिडले होते! "रेसिस्ट आहेत यार." "आपल्याला कधी आपलं म्हणणार नाहीत हे लोक." मिलिंद, आपला सेक्रेटरी, तर म्हणाला, "काकू, यू शुड कम्प्लेन!" मला बरं वाटलं. मनात आलं, त्यांचा झेंडा नाही तर नाही, आपला तर आहे.

रॉनीकाका भुसावळच्या रेल्वे शाळेत लेझीम खेळायचे. गणपतीच्या मिरवणुकीत मी इतकी वर्षं लेझीम पथक बसवते. मी मिलिंदला फोन केला, या वर्षी रॉनीकाका पथकात आहेत, एक फेटा जास्त मागव.

तो म्हणाला, "काकू, नो इश्यू, पण ते... म्हणजे ते मराठी नाहीत ना?"

"भुसावळला जन्मले, मिलिंद. तू फोनवर माझ्याशी बोलतोयस त्यापेक्षा बरी मराठी बोलतात."

"हो, हो, लँग्वेजचं नाही. पण ख्रिश्चन आहेत, नाव पण तसं. लोक विचारतात यार. एकाला केलं की मग सगळ्यांना करावं लागतं. आणि मिरवणूक म्हणजे आपली ट्रॅडिशन. असं करू, त्यांना मस्तपैकी गेस्ट म्हणून बोलवू. पुढे खुर्ची देऊ. गेस्टचा बँड असतो ना आपला, हातात बांधायचा, तो देतो."

देवाशप्पथ सांगते, शब्द तोच. गेस्ट. ब्रॅड आणि मिलिंद एकमेकांना ओळखतही नाहीत.

मिरवणुकीच्या पहिल्या ओळीत जी पोरं फेटे बांधून होती ती आपलीच गोजिरवाणी पोरं आहेत, मला जीव की प्राण. त्यातल्या एकानं मला विचारलं, "काकू, व्हॉट आर वी ईव्हन सेयिंग?" तो "मोरया" म्हणत होता. त्याला कोणी कनेक्शन विचारलं का? विचारूही नये! पण मग भुसावळच्या माणसाला कोणत्या तोंडानं विचारता? ब्रॅडच्या डोळ्यातलं कुसळ तुम्हाला पिकनिकच्या टेबलावरून दिसलं. स्वतःच्या डोळ्यात मुसळ घेऊन लेझीम खेळलात तुम्ही.

मी खेळले नाही. पथक सोडलं, आणि गुडघेदुखीचं कारण पुढे केलं नाही. मिलिंदला स्पष्ट सांगितलं, का ते. तो म्हणाला, "काकू, तुम्ही इमोशनल होताय." हो, होतेय. दगड असते तर मंडळाची अध्यक्ष झाले असते.

रॉनीकाकांना मीच जाऊन सांगितलं. ते जोरात हसले. "वा! दोन्ही घरचा पाहुणा. जेवण मात्र दोन्हीकडे मिळेल." मग हसू थांबलं आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ब्रॅडचं मला फार लागलं नाही, बाई. तो परका. इथलं लागलं." त्यांच्या तोंडून तक्रारीचा शब्द मी तेवढाच ऐकला. गणपतीला ते आले नाहीत. खुर्ची रिकामी होती. मंडळाच्या फोटोत दिसते आहे, डावीकडे.

संपादकांना विनंती नाही, अट आहे. लेख लांबला म्हणून कापायचा झाला तर पैठणीचं कापा, जावाजावांचं कापा, तीन आज्या कापा. मिलिंदचं आणि खुर्चीचं कापलंत तर बाकीचाही छापू नका.

रॉनीकाकांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतात, पुढच्या गणपतीपर्यंत हा माणूस पळेल. रोज सकाळी रॉनीकाका वॉकर धरून आमच्या दुकानासमोरच्या पार्किंग लॉटमध्ये फेऱ्या मारतात. मॉयरा खुर्ची टाकून ओरडत असते, पाठ सरळ ठेव म्हणून. किल्ट माझ्याकडे कपाटात आहे. परवा ते म्हणाले, "काढून टाका तो दोरा आता. किती दिवस ठेवता? कापडाला वळ पडेल."

मी नाही म्हटलं. लोकर आहे, वळ पडत नाही. आणि पडला तर दिसू दे सगळ्यांना.

पाय तयार होतायत त्यांचे. तुम्ही होताय का ते बघा. दोरा अजून आत आहे.